ठशावर घमेलं पालथं घाला

नीरा आणि भीमा जिथे एकमेकींना भेटतात, त्या टोकावर नरसिंहपूर आहे. पुणे जिल्हा इथे संपतो. नीरा ओलांडली की माळशिरस तालुका, भीमा ओलांडली की माढा. दोन्ही सोलापूर जिल्ह्यातले. दोन नद्यांच्या बेचक्यात काळी जमीन, आणि त्या जमिनीत नजर जाईल तिथवर ऊस.

समजा, थंडीतली रात्र आहे. शेतीपंपाची वीज या आठवड्यात रात्रपाळीला आहे, म्हणून एक शेतकरी बॅटरी आणि खोरं घेऊन दारं धरायला गेला आहे. एक सरी भरली, त्याने दार मोडून पाणी पुढच्या सरीला लावलं आणि मान वर केली, तर समोरच्या बांधावर दोन डोळे चमकले. बॅटरी स्थिर धरेपर्यंत जनावर उसात शिरलं. अंगावर ठिपके होते की पट्टे, सांगता येत नाही. शेपूट लांब होती असं वाटतं. घरी येऊन तो एवढंच म्हणतो, "वाघरू हुतं."

सकाळी सात वाजेपर्यंत ही बातमी टणू, गिरवी, लुमेवाडी करत बावड्याला पोचलेली असते. चहाच्या टपरीवर दोन तट पडतात. एक म्हणतो, नदीकाठाने बिबट्या आलाच आहे. दुसरा म्हणतो, कुत्रं बघितलं असेल, उगाच बायकापोरांना भिववू नका. दहा वाजता तीस-चाळीस माणसं तो बांध बघायला जातात. चपला, बूट, मोटारसायकलची चाकं, मागोमाग गावची कुत्री. बारा वाजता वनरक्षक पोचतो तेव्हा बांधावर बघण्यासारखं काही उरलेलं नसतं. पुरावा पाच तासांत पुसला जातो आणि वाद महिनाभर चालतो.

हा वाद मिटवता येतो. त्याची रीत ठरलेली आहे, अवघड नाही, आणि तिचा पहिला टप्पा वनखात्याच्या नव्हे, गावाच्या हातात असतो. ती रीत क्रमाने समजून घेऊ.

आधी हे, की प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही

बिबट्याला राहायला तीन गोष्टी लागतात: लपायला आडोसा, प्यायला पाणी आणि पोटापुरतं खाणं. बारामती-इंदापूरचा मुलूख मुळात पर्जन्यछायेतला, माळरानांचा. १८८५च्या सुमारास नीरा डावा कालवा सुरू झाला आणि शिवारात पाणी फिरलं. पुढे उजनी धरण झालं, साखर कारखाने उभे राहिले: माळेगाव, भवानीनगरचा छत्रपती, बिजवडीचा कर्मयोगी, शहाजीनगरचा नीरा-भीमा. कारखान्यांभोवती ऊस वाढत गेला. सुरू ऊस बारा महिने शेतात उभा असतो, आडसाली सोळा ते अठरा महिने. माणसाच्या डोक्यावर जाणारं, आत गारवा धरणारं आणि खत-पाणी झाल्यावर सहसा कुणी न शिरणारं हे रान बिबट्याला जंगलासारखंच आहे. शेजारी पाटाचं पाणी, आणि वस्त्यांवर भटकी कुत्री, शेळ्या, वासरं, कोंबड्या.

बिबट्या असा राहू शकतो, हे मोजून दाखवलेलं आहे. तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात विद्या अथ्रेया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेतशिवारात ट्रॅप कॅमेरे लावले. त्यांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. हरणं-सांबरं नाहीत, चौरस किलोमीटरला तीनशेहून जास्त माणसं राहतात, अशा भागात दर १०० चौरस किलोमीटरमागे सुमारे ४.८ मोठे बिबटे आणि जवळपास ५ तरस निघाले. बिबट्यांच्या विष्ठेचीही तपासणी झाली. वजनाच्या हिशेबाने त्यांच्या खाण्यातला ८७ टक्के वाटा माणसाजवळ राहणाऱ्या जनावरांचा होता, आणि त्यात एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के. बिबट्याला वस्तीजवळ काय आणतं, याचं उत्तर या आकड्यात आहे.

आता सरकारी मोजणी बघा. २०२२च्या गणनेत महाराष्ट्रात १,९८५ बिबटे धरले आहेत. पण ती मोजणी मुख्यतः वाघांच्या जंगलपट्ट्यातली आहे. उसातला बिबट्या तिच्यात येत नाही. म्हणून "आमच्या तालुक्याचं नाव यादीत नाही, म्हणजे इथे बिबट्या नाही" हा युक्तिवाद टिकत नाही.

आणि आपले शेजारी काय सांगतात? जुन्नर, आंबेगाव, शिरूर हा पट्टा गेली पंचवीस वर्षं बिबट्याबरोबर राहतो आहे. शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात २०२५च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तीन आठवड्यांत तीन जीव गेले. त्याआधी डिसेंबर २०२०मध्ये करमाळा तालुक्यात एका बिबट्याने काही दिवसांत तीन माणसं मारली. शेवटी १८ डिसेंबरला वांगी शिवारात त्याला गोळी घालावी लागली. उजनीच्या फुगवट्याच्या अलीकडे इंदापूर तालुका आहे आणि पलीकडे करमाळा. बिबट्या चांगला पोहतो, आणि उन्हाळ्यात नीरेचं पात्र तर पायी ओलांडण्याजोगं होतं.

तुलनेसाठी इंग्लंडकडे बघू. तिथे कॉर्नवॉलमधल्या बॉडमिनच्या माळावर मोठं काळं मांजरवर्गी जनावर फिरतं, असं लोक वर्षानुवर्षं सांगत होते. १९९५ साली सरकारने चौकशी केली. पडताळून पाहता येईल असा पुरावा मिळाला नाही. त्याच वर्षी एका मुलाला जवळच्या नदीत खरोखरच बिबट्याची कवटी सापडली. लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममधल्या तज्ज्ञांनी ती तपासली, तेव्हा आत उष्ण प्रदेशातल्या झुरळाच्या अंड्यांची कुपी निघाली. कवटी बाहेरदेशातून आणलेल्या, बिबट्याच्या कातड्याच्या गालिच्याची होती. ज्या देशात बिबट्या रानात राहतच नाही, तिथे अशा दाव्याला फार भक्कम पुरावा मागावा लागतो. नरसिंहपूरची गोष्ट वेगळी. इथे बिबट्या येणं अशक्य नाही, चारी बाजूंना तो आहेच. पण तेवढ्यावरून दिसलेलं प्रत्येक जनावर बिबट्या होत नाही, कारण अंधारात त्याच्यासारखी दिसणारी जनावरंही याच शिवारात आहेत.

अंधारात आणखी कोण कोण असतं

इंदापूर तालुक्याला ऊस आहे तशी माळरानंही आहेत. कडबनवाडीचं माळरान चिंकारा आणि लांडग्यांसाठी ओळखलं जातं. बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य आहे, तेही चिंकाऱ्यासाठी राखलेलं. या माळांवरची जनावरं रात्री उसाच्या कडेने फिरतात. प्रत्येकाची ओळखीची एक खूण असते.

तरस. पुढचे पाय उंच, मागचे आखूड, म्हणून पाठ मानेकडून शेपटीकडे उतरती. अंगावर पट्टे, मानेवर आणि पाठीवर आयाळ. "पट्ट्यांचा वाघ पाहिला" म्हणणाऱ्याने आपल्या भागात बहुधा तरस पाहिलेला असतो. चालताना तो मागून लंगडल्यासारखा दिसतो.

लांडगा. लांब पाय, अरुंद छाती, तोंड निमुळतं. धनगर त्याला अंधारातही चालीवरून ओळखतात. त्यांचं मत चहाच्या टपरीवरच्या दहा मतांपेक्षा जास्त मोलाचं धरावं.

कोल्हा आणि खोकड. झुपकेदार शेपूट, बारीक अंग. खोकड तर मांजराएवढंच.

रानमांजर, म्हणजे बाऊल. घरच्या मांजरापेक्षा मोठं, पाय लांब, पण शेपूट आखूड. शेपटीच्या टोकाला काळी वलयं. ऊसतोडीत याची पिल्लं सापडतात आणि "बिबट्याची पिल्लं सापडली" अशी हाकाटी होते. बिबट्याच्या पिल्लाच्या अंगावर लहानपणापासून ठिपके असतात. रानमांजराच्या पिल्लाच्या अंगावर तशी ठळक नक्षी नसते, असल्या तर फिकट रेघा आणि ठिपके.

उदमांजर. शेपूट अंगाएवढी लांब, पण अंग बुटकं आणि तोंडाकडे निमुळतं.

आणि बिबट्या. खांद्यापाशी उंची साधारण माणसाच्या गुडघ्याच्या जरा वर. नर ५० ते ७० किलो, मादी ३० ते ४०. अंग लांब, पोट जमिनीकडे झुकलेलं, शेपूट लांब आणि टोकाला वर वळलेली. अंगावरचे ठिपके एकेकटे नसतात; काळ्या ठिपक्यांची मधे पोकळ अशी फुलं असतात. पाय आणि डोक्यावर मात्र भरीव ठिपके.

डोळे चमकणं ही खूण धरू नये. रात्री वावरणाऱ्या बहुतेक जनावरांच्या डोळ्यांत मागच्या बाजूला उजेड परतवणारा पडदा असतो. कुत्रं, गाय, मांजर, तरस, सगळ्यांचेच डोळे बॅटरीत चमकतात. रंग बॅटरीच्या उजेडावर आणि कोनावर बदलतो. आणि अंधारात शेजारी ओळखीची वस्तू नसली की आकाराचा अंदाज चुकतोच. दहा पावलांवरचं मांजर वीस पावलांवर आहे असं मानलं, तर ते मनात दुप्पट मोठं होतं. भीतीने छाती धडधडत असताना ही चूक कुणाच्याही हातून होते. यात खोटेपणा नसतो, म्हणून सांगणाऱ्याची खिल्ली उडवू नये. आज ज्याला हसलात, तो उद्या खरा बिबट्या दिसला तरी गप्प बसेल.

पहिला टप्पा: पाहणाऱ्याला नीट विचारणं

"बिबट्याच होता ना?" असं विचारलं तर समोरचा हो म्हणतो. त्याऐवजी "काय दिसलं ते सांग" असं म्हणावं आणि मधे बोलू नये. दोघांनी पाहिलं असेल तर दोघांना वेगवेगळं विचारावं, एकमेकांचं ऐकण्याआधी. मग थोडे प्रश्न: जनावर किती वेळ दिसलं? किती अंतरावर? ते अंतर पावलांनी मोजून दाखव. पाठ सपाट होती की उतरती? शेपूट कुठवर पोचत होती? चालत गेलं, पळत गेलं की दबकत? आवाज आला का? बिबट्याचा आवाज करवतीने लाकूड कापल्यासारखा, खर्र-खर्र असा लयीत येतो.

मग एक साधी पडताळणी करावी. पाहणाऱ्याला तो उभा होता तिथेच उभं करावं आणि ज्या जागी जनावर दिसलं, तिथे माणसाने गुडघ्याएवढी काठी धरून उभं राहावं. "एवढं होतं का?" पुष्कळदा पाहणाराच सांगतो, "नाही, याच्या निम्मं होतं." कधी उलटही होतं. मोबाइलवर फोटो काढला असेल तर त्याच जागेवरून, त्याच फोनने, काठीसकट दुसरा फोटो काढावा. दोन फोटो शेजारी ठेवले की जनावराचं माप निघतं.

दुसरा टप्पा: ठसा

सगळ्यात भरवशाचा आणि सगळ्यात लवकर नासणारा पुरावा म्हणजे पायाचा ठसा. ज्याला पहिल्यांदा जनावर दिसलं त्याने उजाडताच, गर्दी व्हायच्या आत, एकट्याने किंवा घरच्या दोघांनी मिळून, पाणी सोडलेल्या सरीचा काठ, चारीची ओली माती, पायवाटेवरचा फुफाटा एवढं बघावं. उसात शिरू नये.

ठसा सापडला की आधी त्यावर घमेलं पालथं घालावं. घमेलं नसेल तर पाटी, टोपलं, काहीही. वर दगड ठेवावा, भोवती चार काटक्या रोवाव्यात. एवढ्याने तो ऊन, वारा, कुत्री आणि बघे या चौघांपासून वाचतो.

मग वाचायचं. मांजराच्या कुळातल्या आणि कुत्र्याच्या कुळातल्या दोन्ही जनावरांच्या ठशात चार बोटं आणि एक मोठी गादी दिसते. फरक पुढे आहे.

पहिली गोष्ट नखं. कुत्रा, लांडगा, कोल्हा, तरस यांची नखं बाहेरच असतात, त्यामुळे बोटांच्या पुढे टिंबं उमटतात. बिबट्या चालताना नखं आत ओढून घेतो, म्हणून टिंबं नसतात. घसरड्या चिखलात मात्र बिबट्याचीही नखं कधी उमटतात, तेव्हा एवढ्यावरच निकाल देऊ नये.

दुसरी गोष्ट गादी. बिबट्याच्या गादीची मागची कड तीन उंचवट्यांची असते, जणू तीन अर्धगोल शेजारी ठेवलेत. कुत्र्याची गादी त्रिकोणी, मागे तीन भागांत न फुटलेली.

तिसरी गोष्ट एकूण आकार. बिबट्याचा ठसा गोलसर, रुंद. बोटं एका बाजूला जराशी कललेली, म्हणून डावा पाय की उजवा हे सांगता येतं. कुत्र्याचा ठसा लांबट आणि दोन्ही बाजूंना सारखा. तरसाच्या पुढच्या पायाचा ठसा मागच्यापेक्षा ठळकपणे मोठा असतो.

चौथी गोष्ट माप. मोठ्या बिबट्याच्या पुढच्या पायाचा ठसा साधारण ७ ते ९ सेंटिमीटर रुंद असतो; रानमांजराचा त्याच्या निम्मा. गावातल्या दांडग्या कुत्र्याचा ठसाही बिबट्याच्या मापाजवळ जातो, म्हणून माप शेवटी आणि आकार आधी. शिवाय पातळ चिखलात ठसा पसरतो आणि वाळताना कड ढासळते. एकाच ठशावर न थांबता चार-पाच ठसे बघावेत.

फोटो काढताना फोन ठशाच्या बरोबर वर, आडवा धरावा. शेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवावं. ते २७ मिलिमीटर व्यासाचं असतं, त्यामुळे नंतर कुणालाही ठशाचं माप काढता येतं. कोवळं ऊन तिरपं येत असताना फोटो घेतला तर सावलीमुळे कडा उठून दिसतात; दुपारच्या डोक्यावरच्या उन्हात त्या मावळतात. एक फोटो जवळून, एक पूर्ण माग दिसेल असा लांबून, आणि एक ज्यात जागा ओळखू येईल असा. वनरक्षक आल्यावर तो गरज वाटल्यास प्लास्टर ऑफ पॅरिस ओतून ठशाचा साचाही घेतो.

तिसरा टप्पा: मारलेलं जनावर

शेळी किंवा वासरू मेलं असेल तर ते हलवू नये, पुरू नये. बिबट्या सहसा नरडं धरतो. गळ्यावर सुळ्यांची खोल भोकं मिळतात, आणि जनावर मग ओढत आडोशाला नेलेलं असतं. मातीत फरफटल्याची रेघ दिसते. मोकाट कुत्री मागच्या बाजूने, मांडीला, कुशीला अनेक ठिकाणी लचके तोडतात. तरस हाडं फोडतो. मागाहून कुत्र्यांनी येऊन खाल्लं असेल तर खुणा मिसळतात, म्हणून गळा आधी तपासतात. गरज पडली तर कातडी सोडवून आतल्या बाजूचं रक्त साकळलंय का ते बघतात. जिवंतपणी झालेल्या जखमेभोवती रक्त साकळतं, मेल्यावर झालेल्या जखमेभोवती नाही. एवढ्या एका खुणेने कुत्र्यांनी मारलं की बिबट्याने मारलेलं कुत्र्यांनी खाल्लं, हे निवडता येतं.

या तपासाला पैशाचाही आधार आहे. वन्यप्राण्याने गाय, म्हैस, बैल मारला तर राज्य शासन बाजारभावाच्या ७५ टक्के किंवा ७०,००० रुपये, यांतली कमी असेल ती रक्कम देतं. शेळी-मेंढीसाठी हीच मर्यादा १५,००० रुपये आहे. त्यासाठी ४८ तासांच्या आत वनखात्याला कळवावं लागतं आणि पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरच ठेवावं लागतं. कळवायला वनखात्याचा १९२६ हा टोल-फ्री क्रमांक आहे. नरसिंहपूरसारख्या टोकाच्या गावाने आणखी एक लक्षात ठेवावं: आपलं शिवार पुणे वनविभागात, पण नीरेपलीकडचं सोलापूर वनविभागात. माग नदीकडे जात असेल तर पलीकडच्या गावालाही फोन करावा. हद्द माणसांनी आखलेली आहे, जनावराला ती ठाऊक नाही.

चौथा टप्पा: ट्रॅप कॅमेरा

ठसे जुळले, पण खात्री हवी असेल तर ट्रॅप कॅमेरा लावतात. पेटीसारखा हा कॅमेरा झाडाला किंवा खुंटाला साधारण गुडघ्याच्या उंचीवर बांधतात. समोरून उष्ण अंगाचं काही गेलं की त्यातला संवेदक जागा होतो आणि फोटो निघतो. बांधावर कुठेही लावून चालत नाही. पायवाट आणि चारी मिळते ती जागा, ओढ्याचा उतार, ठसे पुन्हा पुन्हा सापडलेली कडा, अशा जागा निवडतात. शक्य असेल तर दोन कॅमेरे समोरासमोर लावतात, कारण बिबट्याच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरची ठिपक्यांची नक्षी वेगळी असते. ही नक्षी माणसाच्या बोटांच्या ठशांसारखी प्रत्येकाची निराळी. त्यामुळे चार गावांत दिसलेले बिबटे चार आहेत की एकच चार ठिकाणी फिरतो आहे, हे कॅमेरा सांगतो.

कॅमेऱ्याच्या बळावर अविश्वसनीय वाटणारी बातमी खरी ठरल्याचं ताजं उदाहरण शेजारीच आहे. बार्शी आणि धाराशिवच्या सीमेवर वाघ फिरतोय असं लोक सांगत होते. डिसेंबर २०२४मध्ये येडशी रामलिंग घाट अभयारण्यातल्या कॅमेऱ्यात तो खरोखर आला. पट्टे जुळवल्यावर कळलं, हा यवतमाळच्या टिपेश्वर अभयारण्यातला वाघ. शेकडो किलोमीटर चालून आलेला. तेव्हा "आपल्याकडे असं कसं असेल" हे उत्तर पुरेसं नसतं.

मात्र दोन रात्री कॅमेरा लावला, काही आलं नाही, म्हणून बिबट्या नाही असंही ठरत नाही. बिबट्या एका जागी बसून राहत नाही. 'आजोबा' नावाने ओळखला गेलेला नर २००९मध्ये पारनेर तालुक्यातल्या टाकळी ढोकेश्वरजवळ विहिरीतून काढला, गळ्यात कॉलर घालून माळशेज घाटात सोडला, आणि तो महिनाभरात शंभरावर किलोमीटर चालत मुंबईजवळच्या जंगलात पोचला. आठवडाभर तरी कॅमेरा ठेवावा आणि रोज सकाळी ठसेही बघत राहावं.

पाचवा टप्पा: मोबाइलवर फिरणारा फोटो

फोटो किंवा व्हिडिओ आला की तीन प्रश्न विचारावेत. काढला कुणी? ज्याने काढला त्याच्याच फोनमध्ये मूळ फोटो आहे का? जागा कोणती, आणि ती जाऊन दाखवता येते का? मूळ माणूस सापडत नसेल, प्रत्येकजण "ग्रुपवर आला" एवढंच म्हणत असेल, तर तो पुरावा नाही. मागे दिसणारं पीक, मातीचा रंग, विजेचे खांब, घरांची छपरं आपल्याकडची आहेत का ते बघावं. परराज्यातले जुने व्हिडिओ गावाचं नाव लावून फिरतात, आणि आता संगणकाने बनवलेली चित्रंही फिरतात. असा फोटो पुढे पाठवणाऱ्याचा हेतू सावध करण्याचा असतो, पण त्याने खऱ्या बातमीची किंमत उतरते. तीन खोट्या हाकाट्यांनंतर चौथ्या, खऱ्या हाकेला कुणी उठत नाही.

मग निकाल काय द्यायचा

"आहे" आणि "नाही" एवढ्या दोनच खान्यांत हा निकाल बसवू नये. चार खाने करावेत. *खात्रीचा*: स्पष्ट ठसे, कॅमेऱ्यातला फोटो किंवा गळा धरून मारलेलं जनावर. *शक्य*: वर्णन जुळतं, पण पुरावा अपुरा. *दुसरंच जनावर*: तरस, रानमांजर, कुत्रं असल्याचं दिसलं. *पुरावा नाही*: काहीच हाती लागलं नाही. ग्रामपंचायतीत एक वही ठेवावी. तारीख, वेळ, गट नंबर, पाहणाऱ्याने सांगितलेलं जसंच्या तसं, आणि वरचा निकाल. सहा महिन्यांनी ती वही उघडली की कुठल्या शिवारात, कुठल्या महिन्यात, पाण्याच्या कुठल्या पाळीला जनावर दिसतं, हे आपोआप पुढे येतं. त्या वहीवर बोलणी झाली तर टपरीवरच्या दोन्ही तटांना काहीतरी शिकायला मिळेल.

खात्री झाली की पहिली मागणी पिंजऱ्याची असते. तिथे थोडं थांबावं. बिबट्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे. मुख्य वन्यजीव रक्षकाच्या लेखी परवानगीशिवाय त्याला पकडता येत नाही. केंद्राच्या २०११च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की नुसता दिसला, एवढ्यावर पिंजरा लावू नये. त्यामागे जुन्नरचा कडू अनुभव आहे. तिथे शिवारातले बिबटे पकडून दुसरीकडे सोडण्याचा सपाटा लावला, तेव्हा माणसांवरचे हल्ले वर्षाला सरासरी ४ होते ते २००१ ते २००३ या काळात १७वर गेले. पकडलेला बिबट्या बिथरतो, अनोळखी मुलखात सोडला जातो. आणि मोकळ्या झालेल्या जागेत दुसरा येतो, जो वस्तीची रीत जाणत नाही. माणसावर हल्ला झाला किंवा एखादं जनावर धीट होऊन वारंवार माणसांजवळ येऊ लागलं, तर गोष्ट वेगळी. तिथे उशीर करता कामा नये. पिंपरखेड आणि करमाळ्यातल्या घरांनी त्याची किंमत मोजली आहे.

'शक्य' या खान्यात नोंद पडली, तेवढ्यावरच काही कामं सुरू करावीत. गोठ्याला जाळी, वरूनही. शेळ्या रात्री बाहेर बांधू नयेत. लहान मुलांना दिवेलागणीनंतर एकटं सोडू नये. दारं धरायला दोघांनी जावं, बोलत जावं, उसाच्या कडेला वाकून किंवा बसून राहू नये, कारण खाली बसलेला माणूस जनावराला चार पायांच्या सावजासारखा दिसतो. खरकटं आणि कोंबड्यांची आतडी गावकडेला टाकू नयेत. त्याने कुत्री जमतात आणि कुत्र्यांमागे बिबट्या येतो.

आणि सगळ्यांत आधी सांगायचं ते ऊसतोडीच्या टोळीला. बीडकडून आलेली ही माणसं फडाच्या कडेला खोपीत राहतात, लेकरं पाचटावर झोपतात, आणि ती आपल्या गावच्या ग्रुपवर नसतात. फडात पिल्लं सापडली तर तोड तिथेच थांबवावी, पिल्लांना हात लावू नये, त्यांच्याबरोबर फोटो काढू नयेत. वनखात्याची माणसं जुन्नर भागात करतात ते असं: पिल्लं तपासून, संध्याकाळी त्याच जागी खोक्यात ठेवतात, माणसं लांब जातात, कॅमेरा चालू राहतो, आणि रात्री आई येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून नेते. पिल्लं नाहीशी झाली तर तीच मादी चवताळून शिवार धुंडाळत फिरते. त्या रात्री खोपीतल्या लेकरांना धोका असतो.

शेतीला दिवसा वीज मिळाली, तर यातले निम्मे प्रसंग टळतील. ही मागणी प्रत्येक ग्रामसभेच्या ठरावात असली पाहिजे, बिबट्याची खात्री झालेली असो वा नसो. अंधारात चिखलात एकटं उभं राहायला लावणं हाच मुळात धोका आहे. साप आणि विजेचा धक्काही त्याच अंधारात असतो.

आता पुन्हा त्या शेतकऱ्याकडे येऊ. तीच रात्र, तेच डोळे. या वेळी घरी येऊन तो म्हणतो, "काहीतरी हुतं, सकाळी बघू." उजाडताच बायकोला घेऊन बांधावर जातो. सरीच्या काठावर, काल रात्री सोडलेल्या पाण्याने मऊ झालेल्या मातीत, एक गोलसर ठसा आहे. तो नाणं ठेवतो, फोटो काढतो, घमेलं पालथं घालतो, दगड ठेवतो आणि १९२६ला फोन लावतो. वनरक्षक येतो. दोघं उकिडवे बसतात आणि घमेलं उचलतात. बोटांपुढे नखांची टिंबं आहेत का, गादीच्या मागे तीन उंचवटे आहेत का, हे दोघांनाही दिसतं आहे. वहीत जे लिहिलं जाईल ते तरस असेल नाहीतर बिबट्या. तरस असेल तर आज रात्री गाव निर्धास्त झोपेल. बिबट्या असेल तर संध्याकाळच्या आत खोपीतल्या लेकरांना निरोप पोचेल.